फॅन डायरेक्ट करू नकोस

प्रिय बाळा,

काल तू फोनवर सांगितलंस ना, की सिग्नलला थांबलं की टेम्परेचरचा काटा चढतो, एसीपण गार करत नाही आणि गाडी सुटली की थोड्या वेळात सगळं जागेवर, ते ऐकूनच मला वाटलं रेडिएटरचा, म्हणजे इंजिनचं पाणी गार करणाऱ्या जाळीचा, फॅनच गेलाय. पळत्या गाडीला समोरचा वाराच रेडिएटर गार करायला पुरतो, फॅन लागतो तो उभ्या गाडीला, ट्रॅफिकमध्ये नाहीतर घाटात. आणि एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची गरमी बाहेर टाकणारा भाग, रेडिएटरच्या पुढ्यातच असतो म्हणून फॅन बंद की दोघांचेही हाल. हायवेला ऐंशीच्या स्पीडलापण काटा चढत असता तर मी म्हटलं असतं आधी कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, बघ, ते फिरवणारा वॉटर पंप बघ.

तो गॅरेजवाला म्हणतोय ना फॅन डायरेक्ट करून देतो, म्हणजे थेट चावीच्या लाईनला जोडून देतो, इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारा थर्मोस्टॅट पण काढून टाकतो, ते अजिबात करू देऊ नकोस. एकतर मोटरच जळली असेल तर डायरेक्ट करून काय फिरणार आहे? आणि मोटर चांगली असून रिले, म्हणजे फॅनला करंट सोडणारा स्विच, किंवा सेन्सर गेला असेल, तर जे गेलंय ते बदलायचं. डायरेक्ट केला की चावी फिरवल्यापासून फॅन चालूच, गरज असो नसो, मग मोटरचे कार्बन, म्हणजे आत करंट पोचवणारे तुकडे, लवकर झिजतात. थर्मोस्टॅट काढला की इंजिन गरमच होत नाही धड, आणि गार इंजिन पेट्रोल जास्त पितं, आतून झिजतंही जास्त. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ डिग्रीला उघडतो, फॅन ९५ च्या आसपास किंवा थोडा वर सुरू होतो, गाडीप्रमाणे थोडं पुढेमागे असतं. इंजिनला ठरावीक गरमी लागतेच रे, ती घालवून टाकायची नाही, आटोक्यात ठेवायची.

आता आधी नक्की काय गेलंय ते शोध, पार्ट आणायची घाई नको. गाडी चालू करून एसी लाव, बहुतेक गाड्यांत एसीबरोबर फॅन फिरायलाच पाहिजे. नाही फिरला तर फ्यूज बघ. फ्यूज उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाक, मोठा टाकायचा नाही आणि तार तर मुळीच बांधायची नाही, वायरिंग पेटतं त्याने. मग रिले, शेजारी सेम नंबरचा रिले असतो बऱ्याचदा हॉर्नचा वगैरे, तो अदलाबदल करून बघ. तरी नाही तर फॅनचा कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढून बॅटरीवरून फ्यूज लावलेल्या दोन वायरींनी मोटरला थेट बारा व्होल्ट दे, पात्यांपासून हात लांब ठेवून. फिरला नाही तर मोटर गेली. हलकं ठोकल्यावर फिरला तरी गेलीच समज, कार्बन संपलेत.

काम सकाळी कर, इंजिन रात्रभर गार झालेलं असतं. सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह काढ, काही गाड्यांत चावी बंद असतानाही फॅन अचानक सुरू होतो आणि बोटं जातात. हे विसरायचं नाही. मग कपलर काढ, त्याचं लॉक दाबून, जुनं प्लॅस्टिक कडक झालेलं असतं म्हणून ओढाताण नको. फॅन ज्या फ्रेममध्ये बसतो तिचे बोल्ट बहुतेक दहाच्या पान्याचे असतात, वरचे सहज दिसतात, खालचे वाकून शोधावे लागतात, काही ठिकाणी खाली बोल्ट नसून नुसत्या खाचा असतात. फ्रेम वर उचलायच्या आधी रेडिएटरच्या जाळीवर पुठ्ठा सरकव, त्या पट्ट्या इतक्या नाजूक असतात की फ्रेमचा कोपरा लागला तरी आडव्या होतात. वरचा होज, म्हणजे रबरी पाईप, आड येत असेल तर कुलंट थोडं टबात काढून घे. ते जमिनीवर सांडू देऊ नकोस, चवीला गोड असतं, मांजरं कुत्री चाटतात आणि त्यांच्या किडन्या जातात, तुमच्या पार्किंगमधल्या पिल्लांची आठवण ठेव.

पातं नव्या मोटरवर चढवायचं असेल तर मधला नट काही गाड्यांत उलट्या आट्यांचा असतो, म्हणून जोर लावायच्या आधी कुठल्या बाजूला सुटतोय ते बघ. आणि पूर्ण सेट मिळत असेल तर तोच घे, थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील. जुना पार्ट दुकानात घेऊन जा, पाती मोजून, कपलर जुळवून घे. फॅन बाहेर आहे तोवर इंजिनच्या बाजूने पाईपने हलकं पाणी मारून जाळीतली माती काढ, प्रेशरने नको.

बसवून झालं की फॅन फिरवून जाळीच्या समोर कागद धर, कागद आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे. वारा पुढे येत असेल तर वायरी उलट्या लागल्यात, मग फॅन समोरच्या वाऱ्याशीच भांडत बसेल. कुलंट काढलं असशील तर गार इंजिनवरच झाकण उघडून भर, हीटर फुल गरमवर ठेव, बुडबुडे थांबले की झाकण लाव. नंतर एसी बंद ठेवून गाडी उभ्या उभ्या चालू राहू दे, फॅन आपोआप सुरू होऊन आपोआप बंद झाला पाहिजे, हे एकदा नाही दोनतीनदा बघ आणि मगच पाना ठेव.

रेडिएटरचं झाकणही बघ, त्याचं रबर चिरलेलं असेल तर बदल. ते कुकरच्या शिट्टीसारखं दाब धरून ठेवतं म्हणून आतलं पाणी शंभरच्या वर गेलं तरी उकळत नाही. पाचगणी तेराशे मीटरच्या आसपास आहे, तिथे उघडं पाणी ९६ डिग्रीलाच उकळतं, त्यामुळे वाईहून पसरणी घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढताना झाकण आणि फॅन दोन्ही नीट पाहिजेत. आणि हे सगळं होईपर्यंत कधी काटा लालजवळ गेलाच तर एसी बंद, हीटर फुल, बाजूला घेऊन इंजिन बंद. झाकणाला हात लावायचा नाही, वाफेने भाजतं बाळा. तसंच दामटलंस तर इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, वाकेल आणि तो खर्च या फॅनच्या कितीतरी पट आहे.

मोटरवरच्या स्टिकरचा फोटो पाठव, इथल्या दुकानात मी पण विचारते. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल कर, मी मोकळी आहे.

आई