चित्रपटसंगीताची तालीमही वाद्यवृंद-संचालकाकडून व्हावी

महोदय,

नागपुरात जुन्या हिंदी-मराठी चित्रपटगीतांचे कार्यक्रम सातत्याने होतात आणि रसिकही मनापासून दाद देतात. परंतु त्यांपैकी अनेक कार्यक्रमांत व्हायोलिन-चेलोचे स्वर की-बोर्डवरून किंवा ध्वनिमुद्रित ट्रॅकवरून येतात, आणि ही वाद्ये शिकणारी मुले श्रोत्यांत बसलेली असतात. पाश्चात्त्य अभिजात संगीतात मुरलेल्या वाद्यवृंद-संचालकाने या मुलांना एकत्र बसवून चित्रपटसंगीताची रीतसर तालीम द्यावी, अशी सोय येथे झाली पाहिजे.

असा संचालक चित्रपटसंगीताला दुय्यम मानील, ही शंका निराधार आहे. व्हेनेझुएलातील ‘एल सिस्तेमा’ या मुलांना वाद्यवृंदातून संगीत शिकवणाऱ्या उपक्रमात घडलेले आणि २००९ मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाची सूत्रे हाती घेतलेले गुस्ताव्हो दुदामेल बेथोव्हनबरोबरच हॉलिवूडचे संगीतकार जॉन विल्यम्स यांचे चित्रपटसंगीतही सादर करत आले आहेत. आपल्याकडे तर हिंदी चित्रपटसंगीतातील व्हायोलिनवादक व संगीत-संयोजक अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये मुंबईत इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला आणि त्यात लता मंगेशकर व मन्ना डे यांना गायला लावले. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचेच व्हायोलिनचे शिष्य.

चित्रपटाचे पार्श्वसंगीत वाजवताना पडद्यावर संवाद सुरू होताच तंतुवाद्यांनी आवाज कुठवर उतरवायचा, कित्येक मात्रा गप्प राहून नेमक्या मात्रेवर कसे शिरायचे, सगळ्यांचे गज एकाच दिशेने का चालले पाहिजेत, हे ट्रॅकसोबत वाजवून उमगत नाही. त्यासाठी मध्येच थांबवणारा आणि तीच ओळ पुन्हा वाजवून घेणारा जाणता माणूस समोर उभा असावा लागतो.

यात अडचण आहे, आणि ती लहान नाही. आपले बहुतेक विद्यार्थी मांडी घालून, सा-पमध्ये जुळवलेल्या व्हायोलिनवर, गुरुमुखातून किंवा भातखंडे स्वरलिपीतून शिकतात. त्यांना स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवर लिहिलेली पाश्चात्त्य स्वरलिपी, सरावाचे होण्यासाठी आधी काही महिने द्यावेच लागतील. ही पायरी गाळून त्यांना घाईने मंचावर नेऊ नये.

दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राने शहरातील संगीत महाविद्यालयांना सोबत घेऊन येत्या उन्हाळी सुटीत असे शिबिर घ्यावे, मुंबईतील सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाकडे मार्गदर्शक संचालकासाठी विचारणा करावी आणि शिबिरातील तालमी पालकांना व रसिकांना बसून ऐकता येतील अशी व्यवस्था ठेवावी, ही विनंती.

— एक संगीतशिक्षक, नागपूर