तोरिनोहून पत्र: एका खुनाच्या कादंबरीवरचं भांडण

तोरिनो (इटली), 27 नोव्हेंबर

तीर्थरूप बाबा आणि आईस शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईने विचारलं, "एवढं काय वाचून राहिली रात्र रात्र?" तेव्हा धड सांगता आलं नाही. आणि बाबांना पुस्तकाबद्दल फोनवर सांगायचं म्हणजे माझं वाक्य निम्मं होत नाही तोच त्यांचा प्रश्न येतो. म्हणून सरळ पत्रच लिहायला घेतलं.

इथल्या वाचनालयात महिन्यातून एकदा आम्ही दहा-बारा जण जमतो. सगळ्यांनी एकच पुस्तक वाचून यायचं आणि बोलायचं. या वेळी उंबेर्तो एकोंची 'द नेम ऑफ द रोज' होती, 1980 साली आलेली. काळ 1327 चा नोव्हेंबर. उत्तर इटलीत डोंगरावरचा एक मठ, सात दिवस, आणि एकामागून एक मरणारे साधू. शोध घेणारा विल्यम स्वतःही संन्यासी, आणि गोष्ट सांगतो त्याचा कोवळा शिष्य आद्सो. एको इथून जवळच्याच आलेस्सांद्रियाचे, शिकले तोरिनोच्या विद्यापीठात. त्यामुळे इथले लोक त्यांच्याविषयी घरच्या माणसासारखे बोलतात, आणि भांडतातही तसेच.

पहिलीच ठिणगी पडली ती सुरुवातीच्या शंभर पानांवरून. माझ्या ऑफिसातला एक मुलगा म्हणाला, पोप आणि फ्रान्सिस्कन (गरिबीचं व्रत घेतलेले) साधू यांचे वाद मी गाळले, फक्त खून वाचले. ती पानं कमी करा असं एकोंना त्यांच्या मित्रांनी आणि संपादकांनीही सुचवलं होतं, पण त्यांनी ऐकलं नाही. मला वाटतं बरोबरच केलं. ख्रिस्ताजवळ स्वतःच्या मालकीचं काही होतं की नव्हतं, हा वाद आज आपल्याला लांबचा वाटतो. पण त्याच वादासाठी दोन्ही बाजूंची माणसं त्या मठात जमणार आहेत, आणि ती यायच्या आत खुनाचा उलगडा व्हावा म्हणून मठाधिपतीचा जीव टांगणीला लागलाय. तो वाद गाळला तर घाई कशाची, हेच कळणार नाही. लॅटिनच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, त्यांना मात्र ती न भाषांतरलेली लॅटिन वाक्यंच सगळ्यात गोड लागली. मला नाही लागली. मी दर वेळी अडखळले.

खरं भांडण पेटलं ते त्या मुलीवरून. मठाखालच्या गावातली एक गरीब मुलगी, भुकेपोटी रात्री मठात येणारी. आद्सोचा तिच्यावर जीव जडतो. पुढे ती पकडली जाते, चेटकीण ठरते, जाळायला नेली जाते, आणि एवढ्या मोठ्या पुस्तकात तिला नाव नाही. आद्सोला ते शेवटपर्यंत कळत नाही. एक बाई संतापून म्हणाल्या, प्रत्येक साधूला नाव आहे, हिलाच का नाही? कुणी म्हणालं, हेच तर लेखकाला दाखवायचं होतं, त्या काळाने अशांची नावं ठेवलीच नाहीत. दोघांचंही मला पटलं. त्या रात्री झोप लागली नाही.

तिला नेणारा बेर्नार्द गी, पाखंड्यांना शिक्षा देणारा चर्चचा न्यायाधीश, इतिहासात खरोखर होऊन गेलेला माणूस. त्याने नऊशेच्या वर लोकांना दोषी ठरवलं, त्यांतले पन्नासहून कमी जिवंत जाळले गेले. कादंबरीतला गी मात्र वाचकाला निव्वळ राक्षस वाटतो. पन्नास म्हणजे काय थोडे झाले का! तरी खऱ्या माणसाचं नाव घेतलं की लेखकाने हात आखडून लिहावं, असं मला वाटतं.

गेल्या रविवारी मी साक्रा दि सान मिकेले या डोंगरावरच्या जुन्या मठात जाऊन आले. एकोंना मठाची कल्पना सुचली ती यावरून, असं सांगतात. आत एक उंच दगडी जिना आहे, त्याला मेलेल्यांचा जिनाच म्हणतात. पूर्वी तिथे कोनाड्यांत साधूंचे सांगाडे असायचे. पायऱ्या झिजून मधोमध बशीसारख्या खोल झाल्यात. त्या चढताना मला आपल्या नागपूरच्या महाल भागातली भोसल्यांची जुनी वस्ती आणि मी शाळेत असताना बाबांनी सांगितलेले परसोजी भोसले आठवले.

बाबा, ही गोष्ट तर आपल्याच गावची. 1816 मध्ये नागपूरचे राजे दुसरे रघूजी गेले, त्यांचे दुबळे पुत्र परसोजी गादीवर आले, कारभार चुलतभाऊ अप्पासाहेबांच्या हाती गेला. फेब्रुवारी 1817 मध्ये एका सकाळी परसोजी अंथरुणात मेलेले सापडले, आणि अप्पासाहेब तेव्हा चांद्याकडे (आजचं चंद्रपूर). 26-27 नोव्हेंबरला इंग्रजांशी सीताबर्डीची लढाई झाली. (आजचीच तारीख, लिहिता लिहिता लक्षात आलं.) पुढच्या वर्षी इंग्रजांनी अप्पासाहेबांना धरलं तेव्हा हा खूनही त्यांच्या माथी मारला. ते अलाहाबादच्या वाटेवरून शिपायाच्या वेषात निसटले आणि 1840 मध्ये जोधपुरात वारले.

यावर कुणी कादंबरी लिहिली, तर अप्पासाहेबांना केवळ रेसिडेन्सीच्या, म्हणजे इंग्रजांच्या दरबारी कचेरीच्या, कागदांवरून खुनी ठरवू नये, आणि इंग्रजांशी लढले म्हणून धुऊनही काढू नये. पण त्याहून मोठी गोष्ट परसोजींची. आपण सगळे लढाईबद्दल बोलतो, पळून जाण्याबद्दल बोलतो. जो माणूस मेला, त्याला काय आवडायचं, रात्री त्याच्याजवळ कोण होतं, याची एक ओळ कुणी सांगत नाही. नाव आहे, तरी तो त्या मुलीइतकाच हरवलाय. मंडळात मी हे मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये सांगितलं. त्या संतापलेल्या बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग त्यांनी 'परसोजी' हे नाव माझ्याकडून वहीत लिहून घेतलं.

आई, थंडी खूप आहे, पण तू विणलेला स्वेटर रोज घालते. संत्रा बर्फी कालच संपली.

बाबा, इंग्रजी प्रत वेगळ्या पाकिटाने धाडली आहे. तुमच्या सगळ्या पुस्तकांचे उजवे कोपरे थुंकीने काळे आणि जाड झालेत, आजी त्यावरून किती ओरडायची. हे पुस्तक वाचताना मात्र पान उलटायला बोट जिभेला लावू नका. का, ते आत्ता सांगत नाही. सातव्या दिवसापर्यंत पोचलात की फोन करा.

तुमची,
मोठी