मुलीला सारायेवोहून पत्र

सारायेवो (बोस्निया),
12 ऑक्टोबर

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "आई, तिथे भिंतींवर गोळ्यांच्या खुणा अजून दिसतात का गं?" दिसतात. आमच्या इमारतीला मागच्या बाजूने गिलावा केलाय, तरी खड्डे कळतात. पण मे महिन्यात येशील तेव्हा नुसत्या खुणा शोधत फिरू नकोस, एवढ्यासाठी हे लिहायला बसले.

आल्या आल्या तुला बाश्चार्शियात नेणार. ही उस्मानी काळातली जुनी बाजारपेठ. चौकात सेबिल्य नावाची लाकडी जाळीची, घुमटाची पाणपोई आहे आणि भोवती कबुतरंच कबुतरं. तिथलं पाणी प्यायलेला माणूस सारायेवोला परत येतोच, असं इथे म्हणतात. मी पहिल्याच दिवशी ओंजळभर प्यायले. पलीकडच्या काझांजिलुक गल्लीत तांब्याची भांडी घडवतात. आपल्या तांबट आळीत ऐकू येतो तोच ठोका! मी तिथे उगाचच थांबते. पुढे गाझी हुस्रेव बेग मशिदीशेजारी घड्याळाचा मनोरा आहे. त्यात सूर्य मावळला की बारा वाजतात, आणि ते काटे माणूस हाताने जुळवतो. म्हणजे आपल्या दिवेलागणीला इथे बारा!

लॅटिन पूल बघून तू म्हणशील, एवढासाच? 28 जून 1914 ला ऑस्ट्रियाच्या युवराजावर या पुलाच्याच तोंडाशी गोळ्या झाडल्या गेल्या. खालून मिल्याच्का नदी वाहते, उथळ आणि तपकिरी.

पण मला सांगायचंय ते पाण्याचं. बोस्नियाच्या युद्धात 1992 च्या एप्रिलपासून 1996 च्या फेब्रुवारीपर्यंत, 1425 दिवस, या शहराला वेढा होता. भोवतीच्या डोंगरांवरून तोफा चालायच्या. वीज गेली, नळ कोरडे पडले. बिस्त्रिक भागात बिअरचा जुना कारखाना आहे, त्याचे स्वतःचे झरे आहेत. सगळं शहर कॅन घेऊन तिथे जायचं, कुणी बाबागाडीवर लादून, कुणी बर्फात घसरगाडीवर. त्या रांगांवरही गोळे पडले. सोनू, टँकरच्या रांगेत मीही लहानपणी कळशी घेऊन उभी राहिलेय. पाण्यासाठी भांडले, रडले, पण जिवंत घरी येऊ की नाही, हा विचार कधी मनात आला नाही.

खालच्या मजल्यावरच्या आजी त्या रांगेत होत्या. आजही त्यांच्या न्हाणीघरात भरलेल्या बाटल्या ओळीने मांडलेल्या असतात. नळाला चोवीस तास पाणी असतानाही दर रविवारी त्या जुनं पाणी कुंड्यांना घालतात आणि बाटल्या पुन्हा भरतात. मी मदत करते. आमचं बोलणं खुणांनीच चालतं, पण काही शब्द जुळतात. दुकानाला त्या 'दुचान' म्हणतात, साबणाला 'सापुन', आणि साखरेला 'शेचेर'. मग तांब्याच्या जेझ्व्यात, म्हणजे दांड्याच्या छोट्या भांड्यात, कॉफी येते, सोबत साखरेचा खडा. त्याचं टोक कॉफीत बुडवून चावायचं आणि वरून घोट घ्यायचा. घाई केलेली त्यांना मुळीच चालत नाही.

व्हियेच्निचा, म्हणजे जुनं नगरभवन, त्यांच्याबरोबरच बघ. ते राष्ट्रीय ग्रंथालय होतं. 1992 च्या ऑगस्टमध्ये तोफांनी पेटलं आणि लाखो पुस्तकं जळाली. जळक्या कागदाचे कपटे आजींच्या गॅलरीत येऊन पडले होते. 2014 ला इमारत पुन्हा उघडली. तिथे गेल्यावर आजी काही बोलत नाहीत, फक्त हात धरतात. तूही धर.

येताना लोणचं, पापड नकोत, माझ्याकडे आहेत. तांबट आळीतून झाकणाचा एक तांब्या घे, मध्यम आकाराचा, आजींसाठी. प्लास्टिकच्या बाटल्यांतलं पाणी मला बघवत नाही.

तुझी,
आई