मांजरामुळे एकाने घरी थांबायलाच हवं असं नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्याची सुट्टी आणि लग्नसराई तोंडावर आली की मांजरं पाळणाऱ्या घरांत नवरा-बायकोत एक ठरलेलं बोलणं होतं : "तू जाऊन ये, मी थांबतो." पुढच्या लग्नाला पाळी बदलते. कुळदेवतेला एक जण जातो, बारशाला दुसरा, आणि दोघांनी मिळून गावचा उंबरठा ओलांडल्याला वर्षं होऊन जातात. मांजराला प्रवास सोसत नाही, असं सगळे धरून चालतात. पण निघायच्या सकाळी माळ्यावरून धुळीचं बास्केट काढून त्यात कोंबलेल्या मांजराला काय सोसणार? तयारी तीन आठवडे आधी सुरू केली तर बहुतेक निरोगी मांजरं रात्रभराचा प्रवास नीट करतात. ती तयारी कशी करावी, हे जोडप्यांपर्यंत पोचावं म्हणून हे पत्र.

आधी, न्यायचं की नाही ते ठरवावं. दोन-तीन रात्रींसाठी मांजर घरी राहिलेलंच बरं; त्याचा जीव जागेत असतो. मात्र दिवसातून दोनदा येऊन पाहणारं माणूस हवं. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण 50 ते 60 ग्रॅम कोरडं खाणं आणि, खाण्यातलं धरून, सुमारे 200 मिलिलिटर पाणी लागतं. आपोआप खाणं टाकणाऱ्या यंत्रावर घर सोडून जाऊ नये : वीज गेली, बॅटरी उतरली की ते थांबतं, आणि पावसाळ्यात दाणे सादळून तोंडाशी अडकतात. मुंग्यांसाठी परातीत पाणी घालून मधोमध वाटी ठेवण्याची आपल्याकडची जुनी रीत इथेही कामाला येते. कुलूप लावण्याआधी मांजर डोळ्यांनी पाहावं. कपाटात, दिवाणात किंवा वॉशिंग मशीनच्या ड्रममध्ये ते कोंडलं गेल्याचे प्रकार याच घाईत घडतात. येणाऱ्या माणसाला एक गोष्ट आवर्जून सांगून ठेवावी. बोका शी-शूच्या ट्रेमध्ये वारंवार बसतोय, कण्हतोय आणि लघवी होत नाहीये, तर तो बद्धकोष्ठ समजून संध्याकाळपर्यंत थांबू नये. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. व्हेटकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडे, त्याच तासाला न्यावं.

चार-पाच दिवसांहून जास्त मुक्काम असेल तर मात्र बरोबर नेण्याचा विचार करावा, आणि त्याची सुरुवात कॅरिअरपासून, म्हणजे मांजर न्यायच्या पेटीपासून होते. मऊ कापडी पिशव्या दिसायला छान, पण घाबरलेलं मांजर चेन नखाने उघडतं. कडक प्लास्टिकचा, समोरून आणि वरून अशा दोन्ही बाजूंनी उघडणारा, वरचा अर्धा भाग सुटा होणारा कॅरिअर घ्यावा. मांजराला आत उभं राहून वळता आलं पाहिजे, तेवढी जागा पुरे. फार मोठ्यात ते वळणावर घरंगळतं. एका कॅरिअरमध्ये एकच मांजर, मग ती सख्खी भावंडं का असेनात. भीती वाटली की मांजर जवळ असलेल्यावरच धावून जातं, आणि तिथे पळायला जागा नसते.

पहिला आठवडा कॅरिअरचं वरचं झाकण काढून तो दिवाणखान्यात नुसता पडू द्यावा. आत जुन्या गोधडीचा, मांजर ज्यावर झोपतं तोच, न धुतलेला तुकडा. तो धुवायचा मोह आवरावा, कारण त्याच्या वासासाठीच तो ठेवायचा आहे. रोजचं एक जेवण त्याच्या तोंडाशी, मग आत, मग अगदी मागच्या भिंतीशी. दुसऱ्या आठवड्यात झाकण बसवायचं, दार लावायचं : पहिल्या दिवशी पाच सेकंद, मग अर्धा मिनिट, मग पाच मिनिटं, आणि दार उघडल्यावर लगेच खाऊ. नंतर उचलून घरात फिरवायचं, तेही खालून दोन्ही हातांनी आधार देऊन. कडीने लोंबकळत नेलं की आतलं जग हेलकावतं. तिसऱ्या आठवड्यात जिन्यापर्यंत, गाडीपर्यंत, इंजिन सुरू ठेवून पाच मिनिटं, शेवटी चौकापर्यंत एक फेरी. मांजराने एखाद्या पायरीला खाणं सोडलं तर ती पायरी लवकर आली असं समजून एक पाऊल मागे जावं. याच काळात हार्नेसही (मान आणि छातीभोवती बांधायचा पट्टा) घरात घालून सवय करावी. पट्टा आणि अंग यांत दोन बोटं जातील इतकाच सैल. जास्त सैल असला तर मांजर मागे मागे सरकत एका झटक्यात त्यातून निघतं.

सुटकेस निघायच्या आदल्या रात्री काढू नये, चार दिवस आधीच उघडून ठेवावी. सुटकेस आली की गडबड आली, हे मांजरं पक्कं ओळखतात. उघड्या बॅगेत, इस्त्रीच्या साडीवर ते येऊन बसलं तर बसू द्यावं. साडी पुन्हा इस्त्री होते, पण पलंगाखाली कोपऱ्यात गेलेलं मांजर गाडीच्या वेळेआधी बाहेर येईलच असं नाही.

आता रेल्वे. मांजर घेऊन जायचं तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे किंवा अख्खी केबिन आपल्या नावावर असणं हाच सरळ मार्ग आहे. टू टिअर, थ्री टिअर, स्लीपर यांत परवानगी नाही, आणि चेअर कारची वंदे भारत, जनशताब्दी अशा बसून जायच्या गाड्यांत कूपेच नसतो. कूपेत दोनच बर्थ असतात, म्हणजे जोडप्याला तो नेमका जुळतो. दोघांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढावं, ते कन्फर्म असावं, आणि कूपे मिळावा असा पीएनआरसहित अर्ज रेल्वेच्या मुख्य व्यावसायिक व्यवस्थापकांच्या कार्यालयाकडे द्यावा. अर्ज दिला म्हणजे कूपे मिळालाच असं नव्हे, ते चार्ट लागल्यावरच कळतं. चार बर्थच्या केबिनमध्ये अनोळखी सहप्रवासी आले तर मांजर नेता येणार नाही असं धरून दुसरी सोय, गाडी किंवा घरी येणारं माणूस, आधीच सांगून ठेवलेली बरी. प्रवासाच्या दिवशी दोन-तीन तास आधी स्टेशनच्या पार्सल ऑफिसात जाऊन मांजराचं बुकिंग करायचं. लसीकरणाचं कार्ड (रेबीजची लस चालू असलेली), आदल्या एक-दोन दिवसांत व्हेटकडून घेतलेला प्रवासयोग्यतेचा दाखला, तिकीट आणि ओळखपत्र, प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती. गार्डच्या डब्यातली पेटी कुत्र्यांसाठी असते; तिथला आवाज आणि उकाडा मांजरासाठी नाहीच नाही.

रेल्वेला एक विनंती यानिमित्ताने करावीशी वाटते. पाळीव प्राण्याच्या बुकिंगचे नियम प्रत्येक मोठ्या स्टेशनवर पार्सल ऑफिसच्या खिडकीशेजारी मराठीत लावावेत, त्यात मांजराचा स्वतंत्र उल्लेख असावा, आणि जोडप्याने प्राण्यासह कूपे मागितला असेल तर तो मिळणार की नाही हे चार्टच्या बरंच आधी कळवावं. शेवटच्या काही तासांत कळण्यामुळेच माणसं मांजर पिशवीत लपवून थ्री टिअरमध्ये चढतात.

निघण्याआधी चार ते सहा तास मोठ्या मांजराला खायला देऊ नये, पाणी चालतं. लहान पिल्लांना इतका वेळ उपाशी ठेवू नये. पोट भरलेलं असलं की घाटातल्या पहिल्याच वळणांवर लाळ गळू लागते आणि मागोमाग उलटी. फार घाबरणाऱ्या मांजरासाठी व्हेट गॅबापेन्टिन हे शांत करणारं औषध देतात, ते निघण्याआधी साधारण दोन तास द्यायचं असतं. त्याचा एक डोस आठवडाभर आधी घरी देऊन पाहावा, म्हणजे किती झोप येते, चालताना तोल जातो का, हे प्रवासात पहिल्यांदा कळायला नको. मनाने काहीही देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते : ते पचवून बाहेर टाकायची यकृताची ताकद मांजरात फार तोकडी असते, आणि रक्ताला प्राणवायू वाहून नेता येईनासा होतो. गावी गोचिडं असतात म्हणून कुत्र्याचं परमेथ्रिन असलेलं औषध मांजराच्या मानेवर लावणंही तितकंच घातक आहे.

कामाची वाटणी दोघांनी आधीच करावी. एकाने कॅरिअर धरायचा आणि कूपेचं किंवा घराचं दार बंद होईपर्यंत तो हातातून सोडायचा नाही. बॅगा, कागद, हमाल, दारं सगळं दुसऱ्याने. कॅरिअरवर सुती ओढणी टाकावी, समोरची जाळी अर्धी मोकळी ठेवून. कूपेत शिरलं की आधी कडी, मग खालच्या बर्थखालच्या फटी बॅगांनी बुजवायच्या, मग ट्रे, आणि सगळ्यात शेवटी कॅरिअरचं दार. ट्रे म्हणून मिठाईचा रुंद पुठ्ठ्याचा खोका आतून प्लास्टिकने मढवला तरी चालतो. तळाला दोन इंच नवं लिटर (ट्रेमध्ये घालायची माती), आणि त्यावर घरच्या ट्रेमधलं वापरलेलं मूठभर. तो ओळखीचा वास नसला की मांजर लघवी धरून ठेवतं. बारा तास धरलं तर घाबरू नये. चोवीस तास उलटले तर व्हेटला गाठावं. वापरलेलं लिटर गाडीच्या संडासात टाकू नये. बेंटोनाइटची माती पाण्याने फुगते आणि नळ तुंबतो. जाड पिशवीत गाठ मारून उतरल्यावर कचऱ्यात टाकावं. दारावर टकटक झाली, मग तो टीसी असो की चहावाला, की मांजर कॅरिअरमध्ये गेल्याशिवाय कडी काढायची नाही. रात्री एकाला गाढ झोप लागलेली असताना दुसऱ्याने अर्धवट झोपेत दार उघडणं, हाच सगळ्यात धोक्याचा क्षण. म्हणून झोपण्यापूर्वी मांजर आत आणि कॅरिअर बर्थवर भिंतीच्या बाजूला.

स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांनी कॅरिअर पुढच्या सीटच्या मागे, खाली पायाशी घट्ट बसवावा. पेट्रोल पंपावर दया येऊन तो उघडू नये, आणि उन्हात बंद गाडीत मांजर दहा मिनिटंही ठेवू नये. मांजराने तोंड उघडं टाकून धापा टाकणं हे कुत्र्यासारखं नेहमीचं नसतं. एसी वाढवावा, पंजे आणि कान ओल्या फडक्याने पुसावेत, आणि धाप थांबली नाही तर वाटेत व्हेट शोधावा.

गावच्या कौलारू घरात पहिले दोन दिवस मांजर एकाच खोलीत, दार लावून. माळ्याची वाट, मोरीचं भोक, भिंत आणि कौलं यांमधली फट आधी पाहून घ्यावी. माळ्यावर गेलेलं मांजर दोन-दोन दिवस खाली येत नाही. आठवडाभराच्या मुक्कामात त्याला अंगणात सोडूच नये. सुटलंच तर हाका मारत वाडीभर धावण्यात अर्थ नसतो. ते बहुधा दोन-चार घरांच्या परिघात दबून बसलेलं असतं. रात्री वर्दळ थांबल्यावर बॅटरी डोळ्यांच्या रेषेत धरून लाकडांच्या राशीखाली, गोठ्याच्या आढ्यावर, गाडीखाली पाहावं, म्हणजे त्याचे डोळे चमकतात. गळ्यात ओढ बसली की सुटणाऱ्या बकलाचा पट्टा आणि त्यावर दोघांचेही फोन नंबर हवेत.

नव्या जागी एखादा दिवस कमी खाणं चालतं. पूर्ण दिवस काहीच खाल्लं नाही, त्यातून मांजर लठ्ठ असेल, तर यकृतात चरबी साठण्याचा धोका असतो, म्हणून व्हेटचा सल्ला घ्यावा.

दोन मांजरांपैकी एकच नेलं असेल तर परतल्यावर दोघांना लगेच एकत्र सोडू नये. घरी राहिलेलं मांजर परतलेल्याला वासावरून ओळखत नाही, फिसकारतं, कधी रक्त निघेपर्यंत भांडतं. एक-दोन दिवस वेगळ्या खोल्या, एकच कोरडा पंचा आधी घरच्या मांजराच्या गालांवर आणि मग आलेल्याच्या पाठीवर फिरवायचा, आणि बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी दोघांच्या वाट्या.

आपले,
मांजरं पाळणारं एक जोडपं, डोंबिवली