भावड्या, तुझ्या ब्रेकिंग बॅडला माझा नमस्कार, खरं पहिला नंबर वायरचाच

शहापूर, बेळगाव
रविवार, जेवणं झाल्यावर

प्रिय भावड्या,

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, आणि व्हॉट्सॲपवर लांब लिहिलं की वरच्या दोन ओळी वाचून अंगठा टाकून मोकळा होतोस, म्हणून आज सरळ पत्रच लिहाय बसलोय. विषय तोच, सगळ्यात भारी सीरिज कुठली. तुझं म्हणणं ब्रेकिंग बॅड, आणि विषय संपला. विषय कसला संपतोय? मी म्हणतो द वायर, आणि का म्हणतो ते आज सगळं ऐकून घे, मधेच तोंड घालाय तू इथं नाहीस हे लई बरं आहे.

पहिलं तुझ्या ब्रेकिंग बॅडचं बोलू. ती वाईट आहे असं मी कधीच म्हटलं नाही, उगं माझ्या नावावर खपवू नकोस. २००८ ते २०१३, पाच सीझन, ६२ एपिसोड, आणि तेवढ्यात पाणी घातलंय असं कुठं वाटत नाही. पहिला सीझन तर सातच एपिसोडांचा, कारण त्या टायमाला तिकडं लेखकांचा संप चालू होता, त्यामुळं जास्तीचे एपिसोड झालेच नाहीत आणि मला वाटतंय त्यानं सीरिजचं भलंच झालं. ब्रायन क्रॅन्स्टन म्हणजे आधी एका कॉमेडी सीरियलमधला वेंधळा बाप, त्याला केमिस्ट्रीचा मास्तर करून, कॅन्सर देऊन, ड्रग्ज बनवाय लावून, हळूहळू असा काळा करत नेलाय की बघणाऱ्याला आपण नेमकं कधी त्याच्या बाजूला गेलो तेच कळत नाही. त्याला त्या रोलसाठी चार एमी, म्हणजे तिकडचे टीव्हीचे मोठे पुरस्कार, मिळाले, त्यातला एकही फुकटचा नाही. हे सगळं मान्य.

खरं बघ, ती एका माणसाची गोष्ट आहे. सगळं गाव, बायको, साडू, पोरगा, गिऱ्हाईक, सगळे त्याच्याभोवती फिरतात. तो अडकला की आपण विचार करतो, आता हा कसा सुटणार, आणि लेखक त्याच्या डोक्यात एक भन्नाट आयडिया घालतो आणि हा सुटतो. मजा येती, रात्रीचे दोन वाजले तरी पुढचा एपिसोड लावावा वाटतो, तू तर हिंजवडीच्या बसमध्ये मोबाईलवर बघून फडशा पाडलास. संपल्यावर हातात काय राहतंय, तर तो मास्तर, वॉल्टर व्हाईट. मोठा माणूस, वादच नाही. खरं अल्बुकर्की हे गाव कसं चालतं, तिथला शाळेचा हेडमास्तर कुणाला घाबरतो, पोलिसातल्या साहेबाला प्रमोशन कशावर मिळतं, ते काय तुला कळलं नाही, आणि तुला विचारावंसंही वाटलं नाही.

वायर त्याच्या बरोब्बर उलटी. २००२ ते २००८, एचबीओवर, पाच सीझन, ६० एपिसोड, आणि हिरो म्हणजे अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर. डेव्हिड सायमन हा तिथल्या बाल्टिमोर सन पेपरचा क्राइम रिपोर्टर होता, आणि त्याच्याबरोबरचा एड बर्न्स तिथल्याच पोलिसात डिटेक्टिव्ह, आणि नोकरी सोडल्यावर तिथल्याच सरकारी शाळेत मास्तर. म्हणजे दोघांनीही त्या गल्ल्या पायांनी तुडवलेल्या. सुरुवातीला वाटतंय की ड्रग्जवाले आणि पोलीस, फोन टॅप करायचं, पकडायचं, झालं. मग दुसऱ्या सीझनला अचानक कॅमेरा बंदरावर जातो, गोदी कामगार, त्यांची युनियन, काम कमी कमी होत चाललेलं. तिसऱ्याला राजकारण, चौथ्याला शाळा, पाचव्याला पेपरचं ऑफिस. दरवेळी नवीन खातं उघडतंय, खरं जुनी माणसं सुटत नाहीत, आणि हळूहळू तुला दिसाय लागतंय की गल्लीतल्या पोराचं जे झालं त्याची गाठ सिटी हॉलमधल्या एका सहीपर्यंत जाऊन पोचती.

पहिल्या सीझनमधला एक सीन सांगतो, काही फुटत नाही. नको असलेले पोलीस गोळा करून एका तळघरात बसवलेत, आणि तिथं एक भलंमोठं टेबल दारात अडकलंय. चार-पाच जण घाम गाळून ढकलायलेत, टेबल हलत नाही. मग कुणाच्या तरी डोक्यात उजेड पडतो की निम्मे लोक आत घ्यायलेत आणि निम्मे बाहेर काढायलेत! मला एवढं हसू आलं की काय सांगू, आणि हसता हसता आपली सगळी सरकारी ऑफिसं डोळ्यांपुढनं गेली. आपण सीमाभागातली माणसं रे, सीमावादाचा खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, फाईल कुठल्या टेबलावर जाऊन अडकती यात केवढं नाट्य असतंय ते आपल्याला वेगळं शिकवाय लागत नाही.

तसंच बुद्धिबळाचा सीन. गल्लीच्या कोपऱ्यावर माल विकणारी दोन पोरं पटावर भलताच खेळ मांडून बसलेत, तिसरा येऊन त्यांना खरा खेळ शिकवतो, राजा राजाच राहतो, प्यादी लवकर मरतात असं. आणि पोरं विचारतात, प्यादं शेवटपर्यंत पोचलं तर? पुढचं तू बघ. आणि तो स्ट्रिंगर बेल, इद्रिस एल्बानं केलेला, ड्रग्जच्या धंद्यातला दोन नंबरचा माणूस संध्याकाळी कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकाय जातो, आणि मग गँगची मीटिंग एकदम सोसायटीच्या जनरल बॉडीसारखी चालवाय लागतो. एक पोरगं इमानेइतबारे मिनिट्स लिहून घेत बसतंय आणि साहेबाच्या लक्षात येतंय की हे येडं गुन्ह्याच्या कटाची लेखी नोंद ठेवायलंय. असलं इनोदी लिखाण मी कुठल्याच कॉमेडीत बघितलं नाही. (एल्बा आणि तो डिटेक्टिव्ह मॅकनल्टी झालेला डॉमिनिक वेस्ट, दोघंही मूळचे इंग्लंडचे. बोलणं ऐकून कुणाला खरं वाटणार नाही.)

खरं मला जे खरोखर धरून बसलं ते आकड्यांचं प्रकरण. पोलिसात दर आठवड्याला मीटिंग, गुन्हे किती टक्के कमी झाले सांगा, नाही झाले तर सगळ्यांसमोर शिव्या खा. मग खालचे अधिकारी काय करतात, मोठा गुन्हा लहान कलमात टाकतात, आकडा खाली, वरचे खूश. चौथ्या सीझनला तेच शाळेत, पोरांना शिकवायचं सोडून परीक्षेचे प्रश्न घोटून घ्यायचे, कारण निकालाचा आकडा वर पाठवायचाय. हे बघताना मला आमची उद्यमबाग, इथली कारखान्यांची वसाहत, आठवली रे. तुला माहितीच आहे, महिनाअखेरीला रिजेक्शनचा आकडा वाढाय लागला की खराब कास्टिंग कोपऱ्यात सरकवून पुढच्या महिन्यात दाखवतात, टक्केवारी खाली, साहेब खूश, खरं ब्लो होल, म्हणजे हवेचं भोक, आलेला जॉब त्यानं काय चांगला झाला होय? अक्का खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत शिकवती, तिला मी मुद्दाम चौथा सीझन दाखवला, तर दुसऱ्या एपिसोडला म्हणती, आमच्या स्टाफरूममध्ये ह्यांनी कॅमेरा लावला होता काय? आणि मग ती जी बसली ती सीझन संपेपर्यंत उठली नाही. चार पोरं आहेत त्यात, मायकल, नेमंड, रँडी आणि डूकी. त्यांच्याबद्दल मी काय लिहीत नाही. तुझा पोरगा आता सातवीत ना, मग तू बघच.

आता तू म्हणणार, एवढी भारी तर एमी किती मिळाले? एकपण नाही. लेखनासाठी दोनदा नॉमिनेशन तेवढं. आणि दोष मीच सांगतो, तू शोधायच्या आधी. सुरुवात सावकाश आहे, पहिले तीन-चार एपिसोड कोण कुणाचा माणूस तेच कळत नाही. बोली अवघड आहे, सबटायटल लावल्याशिवाय बघू नकोस. पाचव्या सीझनला मॅकनल्टी जे काय करतो ते मला अजून पचलेलं नाही, चार सीझन जमिनीवर पाय रोवून चाललेली गोष्ट तिथं उडी मारती. अक्काला ते पटलंय, तिचं म्हणणं, आकड्यांच्याच मागं धावणारं खातं असलं की शेवट असाच व्हायचा. आमचं यावर अजून जमलेलं नाही.

आपल्या मराठीबद्दल तू फोनवर जे बोललास ते मात्र मला अजिबात आवडलं नाही. म्हणे मराठीत सासू-सुना सोडून काय आहे. अरे, अग्निहोत्र विसरलास? २००८ची, सतीश राजवाडेची, नाशिकचा तो वाडा, आठ गणपती, विखुरलेलं घराणं, आणि विक्रम गोखले, विनय आपटे, मोहन जोशी एकाच सीरियलमध्ये. त्याच्या आधी असंभव, नीलम शिर्केची ती सुलेखा, आमची आई आजपण तिचं नाव काढलं की कपाळावर आठ्या घालती. रात्रीस खेळ चालेच्या वेळी तर आंबोली घाट उतरून आकेरीचा वाडा बघाय इथनं गाड्या जायच्या. आणि तुझ्यात जीव रंगलामधला, चालतंय की म्हणणारा तो राणा, त्याची भाषा आपल्या निपाणी-संकेश्वरकडची वाटायची म्हणून निम्मी गल्ली टीव्हीपुढं. करायचं डोकं आपल्याकडं आहे. घोडं अडतंय ते एकाच ठिकाणी, टीआरपी आहे तोवर संपवायचं नाही. गोष्ट कधीची संपलेली असती आणि माणसं तशीच साड्या बदलून हिंडत असतात. शेजारच्या कन्नड काकी सांगतात, त्यांच्यातपण तेच दुखणं, टी. एन. सीताराम यांच्या मायामृगसारखं आता होत नाही म्हणतात. त्यातले सीन त्या अजून हातवारे करून सांगतात, आणि आई मान डोलावत ऐकती, सीरियल बघितलेली नसताना.

आणि सगळ्यात जवळची सांगू? मालगुडी डेज. ती आपल्याच राज्यात, शिमोग्याच्या आगुंब्यात शूट झाली, तो पाऊस, ती कौलं, सगळं खरं. दिग्दर्शक शंकर नाग, मुंबईत मराठी रंगभूमीवर उमेदवारी केलेला माणूस, म्हणजे निम्मा आपलाच. स्वामी झालेला मास्टर मंजुनाथ आणि त्याचा बाप झालेला गिरीश कर्नाड. चित्रं आर. के. लक्ष्मण यांची. १९८७ला दूरदर्शनवर आली आणि एकेक गोष्ट वीस-पंचवीस मिनिटांत काम करून उठती, कुणी मरत नाही, कुणी कट करत नाही, तरी पोराच्या परीक्षेची भीती तुझ्या पोटात येती. शंकर नाग १९९०ला दावणगिरीजवळ ॲक्सिडेंटमध्ये गेला, वय ३५, तू पुण्यासनं गावी येतोस त्याच हायवेवर. तो अजून पंधरा-वीस वर्षं राहिला असता तर आज आपण बाल्टिमोरबद्दल भांडत बसलो नसतो असं मला उगंच वाटतंय.

बरं आता कामाचं. तुझं डोकं मला माहितीय, एकदम वायर लावलीस तर तिसऱ्या एपिसोडला घोरशील. म्हणून आधी चेर्नोबिल बघ, पाचच एपिसोड, शनिवार-रविवारचं काम. एप्रिल १९८६, अणुभट्टी फुटलेली आणि वरचे साहेब म्हणायलेत, फुटूच शकत नाही. खातं खोटं कसं बोलतंय याची सवय तिथं होईल तुला. त्यात ती उलाना खोम्युक बाई तेवढी खरी नव्हे, बऱ्याच शास्त्रज्ञांचं मिळून एक पात्र केलंय, बाकी लेगासोव्ह, शेर्बिना खरी माणसं. मग स्कॅम १९९२, हर्षद मेहताच्या शेअर घोटाळ्यावरची, दहा एपिसोड, वहिनींबरोबर बघ, त्या बँकेत आहेत, त्यांना ते बँक रिसीटचं लफडं तुझ्यापेक्षा लवकर कळंल आणि तुला समजावून सांगतील. प्रतीक गांधी गुजराती नाटकातनं आलेला, त्या अगोदर हिंदीत त्याला कोण विचारत नव्हतं. सेक्रेड गेम्स वगैरे सोड, पहिला सीझन ठीक, दुसऱ्याला गाडी घसरती.

त्यानंतर पाताल लोक. आपल्याकडं वायरच्या जवळ जाणारं काय असेल तर हेच. हाथीराम चौधरी, म्हणजे जयदीप अहलावत, साध्या ठाण्यातला बढती न मिळालेला इन्स्पेक्टर, आणि चार आरोपी पकडले की सीरिज थांबून विचारती, ही माणसं कुठनं आली? मग पंजाब, मग चित्रकूट. दुसरा सीझन २०२५ला आला, तो नागालँडला जातो, आणि मला पहिल्यापेक्षा तो जास्त आवडला, आपल्याच देशात परकं वाटणं म्हणजे काय ते त्यात नीट उतरलंय. तुला पहिलाच आवडंल, पैज लाव.

एवढं झालं की वायर. मोबाईलवर नको, टीव्हीवर, आणि बसमध्ये तर अजिबात नको, अर्धा डोळा हिंजवडीच्या ट्रॅफिकवर ठेवून बघायची चीज नव्हे ती. दुसरा सीझन सुरू झाला की तुला वाटंल, ही गोदी कुठनं आली मधेच, आपली माणसं कुठं गेली, बंद कर. बंद करू नकोस. वगळून तिसऱ्यावर पण जाऊ नकोस, गोदी युनियनच्या त्या फ्रँक सोबोत्काला भेटल्याशिवाय पुढं गेलास तर मला तोंड दाखवू नकोस.

आणि उलट टपाली तुझी यादी पाठव, नुसती नावं नको, का ते लिही, माझ्यासारखं. ब्रेकिंग बॅड चालंल, त्याच गोष्टीतनं निघालेली बेटर कॉल सॉल लिहिलंस तर मी निम्मं ऐकाय तयार आहे. दिवाळीला येशील तोवर पाचवा सीझन बघून झालेला पाहिजे, अक्का आणि मी दोघंच भांडून दमलोय, तिसरं मत पाहिजे. फक्त तिच्या बाजूनं बोलायचं असलं तर आधी मला फोन कर.

आईनं तुला आणि वहिनींना आशीर्वाद सांगितलेत. पोराला मालगुडी लावून दे.

तुझाच,
शहापूरवाला