वुल्फ हाउस कशाने जळाले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कॅलिफोर्नियात ग्लेन एलन इथे अमेरिकी लेखक जॅक लंडनची शेतवाडी आता स्टेट हिस्टॉरिक पार्क आहे. तिथे त्याने बांधलेल्या ‘वुल्फ हाउस’ या घराच्या उरलेल्या दगडी भिंती पाहून आलेले लोक हमखास घातपाताची कथा सांगतात. घर ऑगस्ट १९१३ मध्ये, लेखक राहायला जाण्याच्या तोंडावर जळाले, म्हणून ती पटतेही. पण १९९५ मध्ये आगतज्ज्ञांनी अवशेष तपासून बोट ठेवले ते जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांवर.

हे तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेते आणि तापते. चिंधी पसरलेली असली तर उष्णता निघून जाते. बोळे करून ढीग घातला की ती आत कोंडते आणि काडी न लावता ढीग पेटतो, बहुधा काही तासांनी, कारागीर घरी गेल्यावर. आपल्याकडेही लाकडाला हे तेल लावतात; चिंध्या मोकळ्यावर एकेरी वाळत घालाव्यात किंवा पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात.

बाकी, पार्कात गेलात तर डुकरांचा गोल दगडी गोठा चुकवू नका. जॅक लंडन या लेखकातला शेतकरी तिथे जास्त भेटतो.

– एक वाचक, पुणे