आधी टेप घे, मग सनशेड

पुणे,
२२ मार्च

प्रिय सुध्या,
स. न. वि. वि.

गाडी नवी, ऑफिसचं पार्किंग उघडं आणि नागपूरचा मे महिना तोंडावर. त्यात तुझा प्रश्न, ‘पुढच्या काचेला आतून लावायची चांगली सनशेड कोणती, एकच नाव सांग.’ अरे, सनशेड नावाने घ्यायची नसते, मापाने घ्यायची असते. पण ती नेमकं काय करते हे कळलं तर दुकानदार तुला गुंडाळणार नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

ऊन काचेतून सहज आत येतं. डॅशबोर्डवर, सीटवर पडलं की त्याची उष्णता होते, आणि तापलेल्या वस्तू जी उष्णता बाहेर टाकतात ती काचेतून तशी पार होत नाही. त्यात खिडक्या बंद, हवा कोंडलेली. भर दुपारी चौरस मीटरला साधारण १००० वॉट ऊन पडतं. हॅचबॅकची पुढची काच चौरस मीटरच्या आसपास असते. काच अडवते ते आणि तिचा तिरपेपणा वजा केला तरी पाच-सहाशे वॉट आत येतातच. म्हणजे डॅशबोर्डवर इस्त्री चालू ठेवून तू दिवसभर ऑफिसात बसलास! सनशेडने करायचं ते एवढंच की उन्हाची उष्णता व्हायच्या आत त्याला आल्या वाटेने परत धाडायचं. म्हणून बघायच्या गोष्टी दोन: काचेकडची बाजू किती चकाकते आणि कडेला फट किती राहते. जाडीचा नंबर फार मागे. काचेकडून काळी असलेली शेड घेऊच नकोस. ती ऊन पिते आणि गाडीतच तापत बसते. आतली बाजू, म्हणजे तुझ्याकडची, काळी असली तर चालेल.

अपेक्षाही आधीच बेताची ठेव. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. नागपूरसारख्याच कोरड्या उन्हाच्या गावात, बाहेर ३८ अंशांच्या वर असताना गाड्या तासभर उन्हात ठेवल्या. आतली हवा सरासरी ४७ अंशांवर गेली, सीट ५१, स्टिअरिंग ५३ आणि डॅशबोर्ड ६९! सावलीतल्या गाड्यांचा डॅशबोर्ड ४८ वरच राहिला. शेड मदत करते ती त्या ६९ आणि ५३ च्या आकड्यांत. हवा तापणारच, कारण वरून पत्रा आणि बाजूने चार काचा आहेतच. ‘गाडी थंडगार’ असं डब्यावर छापलेलं असतं ते सोडून दे.

आता प्रकार. घडीची शेड (अ‍ॅकॉर्डियनसारखी उघडते, आत फोम किंवा बबल, वर चंदेरी फॉइल) सगळ्यांत स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यांत कामाची. दोष दोन: मिटली तरी जागा खाते आणि घड्यांवरचं फॉइल आधी सुटतं. दुसरी, दोन गोल तुकड्यांची, कडेला स्प्रिंगची तार. घरच्या फोल्डिंग मच्छरदाणीसारखीच मिटते: दोन्ही बाजूंना धरायचं, एक हात आपल्याकडे आणि एक पलीकडे पिळायचा, इंग्रजी आठ झाला की एक कडं दुसऱ्यावर पाडायचं. हे जमेपर्यंत तार वाकते, आणि एकदा वाकलेली तार पुन्हा काचेला सपाट लागत नाही. या प्रकारावर १९०टी, २१०टी, २४०टी असं लिहिलेलं असतं. तो कापडातल्या धाग्यांचा हिशोब आहे, उष्णतेचा नव्हे. दुकानात एकच परीक्षा कर. मोबाइलचा टॉर्च मागून लाव; उजेडाचा ठिपका स्पष्ट दिसला तर मुलामा पातळ आहे, ठेव परत.

तिसरी छत्री. सध्या हीच जास्त खपते आणि हिच्याच तक्रारी जास्त. लावायला पाच सेकंद, हे खरं. पण छत्रीचा दांडा मधोमध येतो आणि तुझ्या गाडीत मधोमध काय आहे? टचस्क्रीन. दांड्याचं टोक तिथे टेकलं की चरा पडलाच. दांडा वाकणारा असेल तरच घे, आणि टोकाला जुन्या मोज्याचा तुकडा बांध. काड्यांची टोकं डॅशबोर्डच्या मऊ प्लास्टिकला टोचतात; टोकांवरच्या प्लास्टिकच्या टोप्या पक्क्या आहेत का ते ओढून बघ. कापड काडीच्या टोकाला ज्या टाक्याने धरलेलं असतं, तो टाका सगळ्यांत आधी उसवतो. घरी आणल्याबरोबर प्रत्येक टोकाला जाड दोऱ्याचे चार टाके जास्तीचे घाल. आणि छत्री कोपऱ्यांत कधीच पूर्ण पोचत नाही. उजव्या खालच्या कोपऱ्यातून एक पट्टा ऊन नेमकं स्टिअरिंगवर येतं.

म्हणून माप. कापडी टेप घे, लोखंडी नको, प्लास्टिकला चरे पडतात. आतून तीन मापं: खालची रुंदी डॅशबोर्डच्या खाचेत, काचेच्या कडेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत; वरची रुंदी छताजवळ; आणि उंची मधोमध, काचेच्या उतारावरून, सरळ उभी नव्हे. उभी घेतली तर माप चक्क आखूड येतं, आणि ‘साइज लहान निघाली’ ही तक्रार बहुतेक इथूनच जन्मते. काच वर अरुंद, खाली रुंद असते, तेव्हा एकाच रुंदीवर भरवसा ठेवू नकोस. घडीची शेड खालच्या मापापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर मोठी घे, म्हणजे ती ताणून बसेल. छत्री मात्र मापातच हवी, मोठी घेतली तर काड्या वाकतात. छत्रीत सर्रास मिळणारी मापं दोन: १२५ बाय ६५ आणि १४० किंवा १४५ बाय ७९. ‘सगळ्या हॅचबॅकना चालते’ हे वाक्य ऐकू आलं की समज, कुणालाच नीट बसत नाही.

खरं सांगू? तुझ्यासारख्या हाताने काही करणाऱ्या माणसाने ती घरीच करावी. पत्र्याच्या छताखाली लावतात ती फॉइल लावलेली फोमची शीट हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. ५ ते ८ मिलिमीटर जाडी पुरे; १० ची घेतलीस तर गुंडाळायला त्रास होतो. आधी रद्दीचे कागद चिकटवून काचेला आतून लाव आणि खांबांच्या कडेने पेनने रेघ मार. आरशाच्या दांड्यासाठी वरून खाच काप; तिथे कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असेल तर खाच थोडी रुंद. कागद शीटवर ठेवून चारी बाजूंनी एक सेंटिमीटर जास्त ठेवून काप, गाडीत नेऊन बसव आणि मग थोडं थोडं छाट. मोठी कापलेली शीट छाटता येते, लहान कापलेली वाढवता येत नाही. कडेला शिंप्याकडून कापडी पायपिंग मारून घे, नाहीतर महिन्याभरात कडेचं फॉइल फोमपासून सुटायला लागेल.

लावताना दोन्ही व्हायझर (डोळ्यांवरचं ऊन अडवायच्या छतालगतच्या पट्ट्या) वर कर, शेडची खालची कड आधी खाचेत बसव, मग वरची काचेला टेकव आणि व्हायझर खाली ओढून तिला दाब. सक्शन कपवाली घेऊ नकोस. उन्हात कप मऊ होऊन सुटतात आणि दुपारी दोनला शेड डॅशबोर्डवर आडवी पडलेली असते. पहिल्या दिवशी शेड लावून मिनिटभर आत बस आणि उजेडाच्या रेघा कुठे दिसतात ते बघ. जिथे रेघ, तिथून ऊन. डॅशकॅम (काचेला लावलेला, रस्ता टिपणारा कॅमेरा) असेल तर लक्षात ठेव, शेड आणि काच यांच्यामधली जागा गाडीतली सगळ्यांत तापणारी जागा असते. बॅटरीऐवजी कॅपॅसिटरवाला कॅमेरा टिकतो, लिथियम बॅटरीवाला काढून डिकीत ठेवावा. काचेला आधीच खडीचा टिचका असेल तर तो आधी भरून घे, आणि तापलेल्या काचेवर एसीचा गार झोत सोडू नकोस. तडा तिथूनच धावतो.

आता गाडीचं तोंड. शेड नसेल तर गाडीची पाठ पश्चिमेला करावी. शेड असेल तर उलट, तोंड पश्चिमेला! दुपारी तीन-चारचं ऊन सगळ्यांत वाईट, ते अडवायला तुझी सगळ्यांत चांगली ढाल तिकडेच हवी. सकाळी मागच्या काचेतून येणारं ऊन त्यामानाने सोसवतं. अर्थात भर मध्यान्ही दिशेला काही अर्थ नाही. तुमच्याकडे २५ मेला नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) बसतो आणि २६ मेच्या सुमारास नागपुरात शून्य सावली; सूर्य नेमका डोक्यावर. तेव्हा झोपलेल्या काचेच्या गाडीला उभ्या काचेच्या गाडीपेक्षा जास्त ऊन लागतं, तोंड कुठेही असो.

काळ्या फिल्मचा मोह होईल, तो आवर. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्म बंद केल्या. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड पार व्हायला हवा. बाजूंना जाळीच्या काळ्या शेड मिळतात, त्या थोडीच मदत करतात, आणि गाडी चालू करण्याआधी काढायच्या. झाडाखाली लावलीस तर सावली सरकते आणि पाखरांची शिट रंग खाते. पण तरीही, मिळालं तर झाडच बघ.

गाडीत बसताना एका बाजूची काच पूर्ण खाली कर आणि त्याच्या विरुद्ध बाजूचं दार पाच-सहा वेळा उघड-बंद कर, कोंडलेली हवा बाहेर ढकलली जाते. मग काचा उघड्या ठेवून मिनिटभर चाल, एसी आधी बाहेरच्या हवेवर, दोन मिनिटांनी आतल्या हवेवर. शेड काढताना कडेला धर, फॉइल हाताला चटका देतं.

एक मात्र पक्कं. शेड आहे, काच दोन बोटं खाली आहे, म्हणून छोटीला ‘दोनच मिनिटं’ गाडीत ठेवायचं नाही. किंचित उघडलेल्या काचेने जवळजवळ काहीच फरक पडत नाही, आणि तापमान चढतं ते बहुतेक पहिल्या अर्ध्या तासातच. वहिनींनाही हे सांग.

तिन्ही मापं आणि आरशाजवळचा एक फोटो पाठव. शीट किती मीटर घ्यायची ते लगेच कळवतो. काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
नंदू